धवल्यातली दोन नावं

नील, मागच्या महिन्यात तू फोनवर एक गाणं लावलंस आणि विचारलंस, "आजी, बाबा म्हणतो ही गाणारी बाई म्हणजे तू. खरं का?" मी हो म्हटलं आणि दूध उतू जातंय असं सांगून उठले. दूध वगैरे काही नव्हतं. इरा तुझ्या मागे बसून हसत होती, तिला ते कळलं असावं. फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून लिहून काढते आहे. एकदाच, क्रमाने, आणि शक्यतो कोणाची बाजू न घेता. माझी तर नाहीच.

तुम्हाला मी माहीत आहे ती इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, तुमच्या पत्रांतल्या स्पेलिंगच्या चुका दुरुस्त करून परत पाठवणारी आजी. त्याआधी जेमतेम अडीच वर्षं मी गायिका होते. आमच्या आगरी लोकांची गाणी गायचे: हळदीची, लग्नाची, होळीची. कोलशेतला खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं कौलारू घर होतं. बाबा जवळच्याच एका रसायनांच्या कारखान्यात भांडार सांभाळायचे. आमच्या आळीत इंग्रजी वर्तमानपत्र घेणारे ते एकटेच, आणि मुलीला ठाण्याला नन्सच्या शाळेत घालणारेही ते एकटेच. सकाळी मी शाळेत 'प्रॉन्स' म्हणायचे आणि दुपारी घरी येऊन चुलीसमोर कोळंबी सोलायचे. शाळेत माझं आगरी वळण काढून टाकायला बाई टपलेल्या असायच्या. घरी मी 'पाणी' म्हटलं की आत्या म्हणायची, "पानी बोल गो, घशात काय अरकला?" दोन्हीकडून दुरुस्त होत होत मी मोठी झाले. मला नीटनेटकेपणाची इतकी सवय का, असं तुमची आई विचारते, त्याचं मूळ कदाचित इथे असेल.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, हिराआत्या. तिला आमच्याच गावात दिली होती, आमच्यापासून दोन घरं सोडून. तिची एकुलती मुलगी वनिता माझ्याहून एक वर्षाने लहान. वनिता गोरी नव्हती, देखणी म्हणावी अशीही नव्हती, पण तिचं हसणं मोठं आणि मोकळं होतं. दारातून आत येण्याआधी ते यायचं. ती सातवीनंतर शाळेत गेली नाही. माझी इंग्रजी पुस्तकं उलटी धरून वाचायचं सोंग करायची आणि माझ्या बाईंची नक्कल करायची. तांदळाची भाकरी ती इतकी पातळ थापायची की तव्यावर टाकल्यावर फुगून चेंडू व्हायची. आई माझ्या भाकरीकडे बघून म्हणायची, "हिची भाकरी शाळेत शिकलीय."

हिराआत्या धवलारीण होती. आमच्यात लग्न लागताना भटजी मंत्र म्हणतातच, पण त्याहून जुना मान धवलारणीचा. मांडव घालण्यापासून नवरी सासरी जाईपर्यंत प्रत्येक विधीला ती धवला गाते. त्याला वाद्य नाही, ताल धरायला कोणी नाही. एक बाई बसून, पदर डोक्यावर घेऊन, एकाच सुरात ओळीमागून ओळ म्हणत जाते आणि मागे दोघीतिघी झेलतात. त्यात गावदेवीला बोलावतात, खाडीला बोलावतात, दोन्ही घरांतल्या गेलेल्या माणसांना नावानिशी बोलावतात की बाबांनो या, अमक्याच्या मुलीचं तमक्याच्या मुलाशी लग्न आहे, जेवा आणि आशीर्वाद द्या. नवरा-नवरीची नावं त्यात पुन्हा पुन्हा यावी लागतात. नावं नसतील तर आलेल्यांना कळणार कसं, की कोणासाठी आलो.

वनिताचं लग्न टिटवाळ्याकडच्या जगदीशशी ठरलं. साखरपुडा झाला आणि दुसऱ्याच दिवशी आत्या आमच्या ओट्यावर येऊन बसली. हातात सुकट निवडायचं सूप होतं. आईला म्हणाली, "वहिनी, तुजी पोर मना दे."

"घे की," आई म्हणाली. "भाकरी येत नाय तिला, मागाहून बोलू नको."

"भाकरी नाय, धवला पायजे. आखी जिंदगी लोकांच्या पोरींना वाटं लावली मी. माज्या पोरीच्या लग्नात मी आय होऊन बसनार. रडनार. धवला ही घेल."

मी तेव्हा कॉलेजात होते. गळा बरा आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण धवला शिकवायला आत्याने वनितालाही कधी बसवलं नव्हतं. दोन-अडीच महिने रोज दुपारी आम्ही बसायचो. आत्या सुकट निवडायची, मी वही घेऊन बसायचे. पहिल्याच दिवशी तिने वही बाजूला ठेवायला लावली. घरभर सुकटीचा वास, कारखान्याचा अडीचचा भोंगा, आणि आत्याचा तो न चढणारा, न उतरणारा आवाज. नावांच्या जागी अर्थातच वनिता आणि जगदीश. वनिता आतून ओरडायची, "आये, जगदीशला जरा खाली घे, लय वर चढवलास त्याला." मग स्वतःच हसत सुटायची. आत्या तिला शेलक्या शब्दांत गप्प करायची आणि तीच ओळ पुन्हा घ्यायला लावायची. अशी ती दोन नावं माझ्या जिभेवर बसली.

त्याच काळात माझं दुसरं गाणंही चालू होतं. डोंबिवलीचे एक मास्तर होते, बेंजो वाजवायचे. त्यांची पार्टी हळदीला आणि जत्रेला गाणी करायची. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात त्यांनी मला ऐकलं आणि बाबांना भेटायला आले. बाबांनी अटी घातल्या: अभ्यास बुडणार नाही, ते स्वतः सोबत येतील, आणि गाण्यात चावटपणा नको. मास्तरांनी तिन्हीला मान हलवली आणि तिसरी जमेल तेवढी पाळली. कल्याण, शहाड, टिटवाळा, असे आम्ही फिरलो. मास्तर माईकवर सांगायचे, "आता येतेय कॉन्व्हेंटची कोकिळा." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण खोटं कशाला लिहू, लोक वळून बघायचे ते मला आवडायचं. इंग्रजी शिकलेली मुलगी आपलं गाणं गाते याचं त्यांना कौतुक होतं, आणि शाळेत जे लपवत आले ते इथे टाळ्या मिळवतं याचं मला.

मग कॅसेट निघायची ठरली. मास्तरांनी एका व्यापाऱ्याला गाठलं होतं. ध्वनिमुद्रण डोंबिवलीतच, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, खिडकीत गोणपाट. गिरणी दुपारी एक ते तीन बंद असायची, तेवढ्यात काय ते गाऊन घ्यायचं. तीनला पट्टा फिरला की खालची जमीन थरथरायची. चार दुपारी आम्ही गेलो. चौथ्या दिवशी सगळी गाणी झाली आणि मास्तरांच्या लक्षात आलं की दुसऱ्या बाजूला पाच मिनिटं रिकामी राहतात. अडीच वाजून गेले होते. ढोलकीवाला घामाने निथळत होता. मास्तर म्हणाले, "तुजी आत्या धवलारीण ना गो? एक धवला टाक. वाद्य नको, काय नको. पाच मिन्टांत सुटलो."

आत्याने मला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, "धवला ह्यो गाना नाय. ह्यो आवतन हाय. मांडव नाय, नवरी नाय, नि तू देवाला हाक मारलीस, तं तो येल नि बसल कुठं? उपाशी जाल परत." मला ते आठवलं. आठवलं नाही असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं, पण आठवलं. मी नन्सच्या शाळेत विज्ञान शिकले होते. देव गिरणीच्या माडीवर येऊन उपाशी परत जातील असं मला वाटत नव्हतं. माझ्या मनात इतकंच आलं की आत्याचा धवला इतका सुंदर आहे आणि तो चार आळ्यांपलीकडे कोणी ऐकलेला नाही. तेही पूर्ण खरं नाही. मी तो किती छान म्हणते हे कोणी ऐकलेलं नाही, असंही आलं.

मी डोळे मिटले आणि म्हटला. नावांची जागा आली तेव्हा तोंडातून तीच नावं गेली, वनिता आणि जगदीश. दुसरी नावं माझ्याकडे नव्हतीच. संपल्यावर ढोलकीवाल्याने चष्मा काढून पुसला. मी म्हणाले, "मास्तर, नावं खऱ्या माणसांची गेली. परत घेऊ या?" मास्तरांनी घड्याळ बघितलं, तीनला सात मिनिटं होती. म्हणजे पुरेसा वेळ होता. ते म्हणाले, "तू सांग. पन असा परत व्हनार नाय." आणि मी म्हणाले, "मग राहू दे." हे एक वाक्य. मी आयुष्यात शेकडो मुलांना 'चुकलेलं खोडून पुन्हा लिहा' म्हणून सांगितलं आहे, आणि प्रत्येक वेळी ती सात मिनिटं आठवली आहेत.

आत्याला मी काही सांगितलं नाही. लग्नाला अजून तीन महिने होते. कॅसेट त्यानंतर येईल असा माझा हिशेब. ती सहाच आठवड्यांत आली. आमच्या शेजारच्या आळीत एक लग्न होतं आणि आत्याला तिथे धवल्याला बोलावलेलं. आम्ही सगळे मांडवात. आत्या पदर सावरून बसते आहे, तोच ध्वनिक्षेपकवाल्याने पोंगा चालू केला आणि माझा आवाज आला. पहिल्या काही ओळींत बायकांनी माझ्याकडे बघून माना डोलावल्या. मग नावं आली.

मांडवात हशा पिकला. वनिता लाजून लाल झाली, पण खूशही होती. "वने, तुजा लगीन झाला पन, नि आमाला जेवान नाय?" "जगदीशला बोलवा रं, नवरा कुठं पलाला?" वनिताने उलट ऐकवलं, "पलाला नाय, तुमच्या भुकंला घाबरला." सगळ्या हसल्या. आत्या हसली नाही. ती उठली, यजमानिणीला म्हणाली, "तुमचा धवला झाला वाटतं," आणि चालत घरी गेली. मी मागे गेले. ओट्यावर पाय धुताना तिने मला फक्त एक विचारलं, "त्या दिवशी तिकडं कोनी जेवान तरी ठेवला व्हता? नारल?"

मी म्हणाले, "नाही."

तिने तांब्या पालथा घातला आणि आत गेली. ओरडली असती तर मला सोपं झालं असतं.

पंधरा दिवसांनी टिटवाळ्याहून जगदीशचे चुलते आणि मामा आले. चहा घेतला नाही. चुलते बाबांना म्हणाले, "आमच्या पोराचा लगीन तुमी गावोगाव पोंग्यावर लावलाव. देव बोलावून मोकले झालाव. आता एकाच पोराचा दोनदा कसा लावाचा?" बाबांनी त्यांना समजावलं, चूक मुलीची आहे, वाटेल ती शांत करू, नवस फेडू. मी मध्ये पडून म्हणाले की हा निव्वळ योगायोग, गाण्याने काही होत नसतं. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "व्हय, तू शिकलेली." जगदीशने त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या मुलीशी लग्न केलं. म्हणजे ती मुलगी आधीपासून असणार आणि त्यांना निमित्त हवं होतं, असं बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले. असेलही. पण निमित्त मी दिलं, आणि सोबत मुद्रणही.

मी डोंबिवलीला जाऊन मास्तरांना म्हणाले, तेवढा धवला काढून टाका. मास्तर वाईट माणूस नव्हता. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, "पोरी, काढू कुठून? मूळ टेप व्यापाऱ्याकडं. त्यावरून भिवंडीत नक्कल काढतात, उल्हासनगरात काढतात, मला एक पैसा नाय. नि खरं सांगू? बाकी गानी कोन आयकत नाय. लोक तेवढाच लावतात."

तेवढाच लावत होते. त्या हंगामात खाडीपासून कल्याणपर्यंत ज्या मांडवात पोंगा होता तिथे वनिता आणि जगदीशचं लग्न लागत होतं. लग्न कोणाचंही असो. लोकांना नावांशी देणंघेणं नव्हतं. धवला वाजला की विधी झाला. कॅसेटला बोलवायला जावं लागत नाही, तिचा घसा बसत नाही, तिला साडी-नारळ द्यावा लागत नाही. आत्याकडे येणारी बोलावणी निम्मी झाली, मग एखाददुसरं. आणि वनिता घरात बसली. वारा खाडीकडून असला की पलीकडच्या गावातल्या मांडवाचा आवाजही आमच्या आळीत यायचा. तेव्हा ती दार लावून घ्यायची आणि उखळात भात कांडायला घ्यायची. सडून झालेले तांदूळसुद्धा पुन्हा कांडायची. तिचा कणी झालेला तांदूळ आम्ही त्या वर्षी फार खाल्ला.

मी तिच्याकडे जायचे. ती मला कधी लागेल असं बोलली नाही. एकदाच म्हणाली, "तू गातस चांगली गो. तोच तं वांदा हाय."

स्थळं येत होती. बघायला आलेली बाई नाव विचारायची, नाव ऐकलं की थांबायची आणि म्हणायची, "धवल्यातली वनिता का?" काहीजणी हे कौतुकानेच म्हणायच्या. नंतर त्यांचा निरोप यायचा नाही. दोन वर्षं गेली. मी मास्तरांची पार्टी सोडली होती, तरी लग्नात कोणी ओळखून गायला लावायचंच. मी घसा धरल्याचं सांगायचे. नील, तू लावलंस त्या गाण्याखाली लोकांनी लिहिलेलं मी परवा वाचलं. कोणीतरी लिहिलं आहे, वनिता-जगदीश किती भाग्यवान, त्यांची नावं अमर झाली. खाली पुष्कळांनी हात जोडले आहेत.

शेवटी शहाडकडचं एक स्थळ जुळलं. बिजवर, गिरणीत नोकरी, पहिली बायको गेलेली, पदरी एक मुलगी. माणूस सज्जन होता. वनिताने एकच अट घातली: माझं नाव बदला. लग्नानंतर मुलीचं नाव बदलायची रीत आपल्याकडे होतीच. लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरून त्यात नवरा अंगठीने नवं नाव लिहितो. पण वनिताने निरोप पाठवला की नाव तुम्हीच ठरवा, आणि तांदळात उमटेपर्यंत आमच्याकडच्या कोणालाही ते सांगू नका. "कोनालाच," असं तिने तिच्या मामाकडून, म्हणजे माझ्या बाबांकडून, दोनदा कळवलं. दुसऱ्यांदा माझ्या देखत.

लग्न कल्याणला एका कार्यालयात होतं, दुपारचा मुहूर्त. मला बोलावणं होतं, मी मागच्या रांगेत बसले. हळद लागलेली वनिता मान खाली घालून पाटावर बसली होती. कार्यालयाचा ध्वनिक्षेपक सांभाळणारा माणूस फार उत्साही होता. मांडवात शांतता बघून त्याला वाटलं असावं की काहीतरी हवं. त्याने कॅसेट घातली. पहिली ओळ ऐकताच मी उठले. खुर्च्यांच्या रांगांतून, लोकांच्या पायांवरून, कशी गेले आठवत नाही. नावं सातव्या ओळीत येतात. सहावी चालू असताना मी पोहोचले आणि म्हणाले, "बंद करा."

"ताई, आगऱ्यांचं लग्न ना? सगळीकडे लावतात हे," तो म्हणाला. "कोण बाई आहे माहीत नाही, पण लग्न लागल्यासारखं वाटतं बघा."

मी यंत्राचं बटण स्वतः दाबलं. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. वनिताने मान वर केली नाही. मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाई आत्याला म्हणाल्या, "बरा झाला ते. हिरे, तूच घे आता धवला. पोरीचं लगीन मुकं नको."

आत्या मुलीच्या मागे बसली होती, जशी तिची दोन वर्षांपूर्वी बसायची इच्छा होती तशी. ती म्हणाली, "कोनाच्या नावानी घेऊ?"

म्हाताऱ्या बाईला समजलं नाही. "पोरीच्या. दुसऱ्या कोनाच्या?"

"तिचा जुना नाव घेतला तं देव त्या दुसऱ्याच्या दारी जातील. नवा नाव मना ठाव नाय." आत्या हे मोठ्याने बोलली नाही, रागानेही नाही. बोलताना ती माझ्याकडे बघत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा. मला वाटतं मी काहीतरी सुचवीन अशी तिला त्या क्षणी खरोखरच आशा होती. मी शिकलेली होते. मला अख्खा धवला पाठ होता आणि मला काही सुचलं नाही.

भटजींनी मुहूर्ताची घाई केली. अंतरपाट धरला, अक्षता पडल्या, लग्न लागलं. आमच्या घराण्यात धवल्याशिवाय लागलेलं ते पहिलं लग्न. आत्याने त्यानंतर कोणाच्याही मांडवात धवला घेतला नाही. दोन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं, तिने आजारी असल्याचं कळवलं. मीही गायले नाही. तुमचे आजोबा मला पुढे भेटले, त्यांनी माझा गळा कधी ऐकला नाही.

जेवणं चालू असताना ताट आणलं. मी एका खांबाशी उभी होते, तिथून तांदूळ दिसत होते. नवऱ्याने सावकाश, एकेक अक्षर कोरत नाव लिहिलं. वनिता वाकून बघत राहिली. तिला वाचायला वेळ लागायचा. वाचून झाल्यावर तिने मान वर करून पहिल्यांदा त्या माणसाकडे नीट पाहिलं. मग तिची नजर माझ्यावर आली आणि तिने तळहाताने ताटातले तांदूळ सारखे केले.

तोवर मी ते वाचलं होतं. ते नाव मी आजवर उच्चारलेलं नाही, आणि इथेही लिहीत नाही.